पाचवा बोळा

गाडीचे बोनेट उघडताच आतून असा वास उसळला, की तो एक पाऊल मागे सरला. जळके तेल, शिळे पेट्रोल, तापून-थिजून चिवट झालेले रबर. आणि या साऱ्यांच्या तळाशी, कुठेतरी पाल मरून पडली असावी तसा एक गोडसर दर्प. तो चष्म्याच्या दुकानात भिंगे घासून चौकटीत बसवणारा माणूस. दिवसाला चाळीसेक भिंगे त्याच्या हातांखालून जात आणि एकावरही बोटाचा ठसा उरत नसे. चुकून उरलाच, तर आपलीच चोरी उघडी पडल्यासारखा तो कानशिलांपर्यंत लाल होई. अशा माणसाला आज, सुट्टीच्या दिवशी, सकाळच्या कोवळ्या उन्हात, या काळ्या चिकट गुहेत कोपरांपर्यंत हात घालायचे होते.

"या, डॉक्टर," बाबा म्हणाले. "हातमोजे चढवले? झालं तर मग. द्या पेशंटला भूल."

बाबा प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून. मोकळे सोडले की ते थरथरत. दोन वर्षे झाली, चहाचा कप त्यांच्या ओठांपर्यंत अर्धाच पोचत होता. तीस वर्षे पाणीपुरवठ्याच्या पंपांवर मिस्त्री म्हणून काढलेल्या माणसाला स्वतःचेच हात असे लपवावे लागतात, हे पाहून मुलाला वाईट वाटायला हवे होते. वाटत होतेही. पण त्या वाइटावर, दुधावर साय धरावी तशी, किळस धरली होती. आणि ती नुसत्या तेलाची नव्हती.

नऊ वर्षांपूर्वी बाबांनी स्वतःच्या हातांनी याच गाडीच्या इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट बदलले होते. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाची श्वासनलिका: एका तोंडाने हवा आत घ्यायची आणि चार फाट्यांतून चार सिलिंडरांना वाटून द्यायची. तो इंजिनाला जिथे टेकतो तिथल्या सांध्यात एक पातळ पट्टी असते, ती गॅस्केट. पट्टी फाटली की सांध्यातून चोरटी हवा शिरते आणि इंजिनाला धाप लागते. बाबांनी पट्टी बदलली, गाडी दारातच दहा मिनिटे चालू ठेवून पाहिली आणि मान डोलावली. दुसऱ्याच दिवशी आईचा धाकटा भाऊ, मामा, ती गाडी दोन दिवसांसाठी मागून घेऊन गेला. परत आणली तेव्हा ती लंगडत होती. चढावर धापा टाकी, मध्येच आचके देई. बाबा फाटकात उभे राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात गरजले होते, "नेला घोडा आणि आणून बांधलं गाढव! काय केलंस रे माझ्या गाडीचं?" मामाने शपथा घेतल्या. मामी रडली. बाबांचे एकच पालुपद: "आधी चुकलं म्हण." मामा ते म्हणाला नाही, आणि त्या दिवसापासून येणे-जाणे तुटले. आई भावाशी फोनवर बोले ती स्वयंपाकघरातला नळ सोडून. शब्द पाण्याच्या आवाजात वाहून जावेत म्हणून.

आता मामा जिन्यावरून पडला होता. मांडीच्या हाडात सळई घातली होती. 'ताईला एकदा पाठवा,' एवढाच निरोप आला होता. बाबांनी नाही म्हटले नाही. ते त्याहून वाईट काही बोलले.

"जाऊ या की. पण माझ्या गाडीतून. त्यानं बिघडवलेली गाडी ठाकठीक करून त्याच्याच दारात उभी करतो. मग बघू, तोंडातून चुकलं निघतंय का."

"आणि नाही निघालं तर?" आईने विचारले होते.

"तर पाच मिनिटांत उठायचं आणि परत फिरायचं."

आईने हातातले ताट पुसले. पुसलेलेच पुन्हा पुसले. खाटेला खिळलेल्या माणसाच्या उशाशी जाऊन त्याच्याकडून शरणागती लिहून घ्यायची, या कल्पनेचीच मुलाला किळस आली होती. तो सहसा बोलत नसे. चार वाजता निघायचे होते, एवढेच त्याने लक्षात ठेवले.

नऊ वर्षांत पट्टी पुन्हा फाटली असणार, ती बदलायची, असे बाबांनी ठरवले होते. काम सुरू झाले. बॅटरीची तार सोडली, हवेच्या गाळणीची पेटी उचलली. गाळणीच्या घड्यांत मेलेले पतंग आणि एका झुरळाचे दोन सुटे पंख होते. एकेक रबरी नळी काढून तो तिच्यावर दुकानातल्या पांढऱ्या कागदी टिकल्या चिकटवत होता: एक, दोन, तीन.

"लेबलं लाव, लेबलं," बाबा म्हणाले. "आम्ही आंधळेपणी काढायचो आणि आंधळेपणी लावायचो."

मॅनिफोल्डचे नट गंजाने जागीच रुजले होते. बाहेरच्यापासून सुरुवात करून आत यायचे, एकदम कुठलाही पुरता सोडायचा नाही, ही बाबांची शिकवण. तिसऱ्या नटाला पाना निसटला, हातमोजा फाटला, बोटाची सालटी निघाली; आणि फाटक्या भागातून काळा, कोमट ओघळ आत शिरून मनगटापर्यंत उतरला. आपल्या कातडीखालीच कुणाचा तरी मळ जाऊन बसला, असे त्याला वाटले.

कुणाच्याही गाडीचे बोनेट उघडले की शेजारच्या भिंतीवरून एक टकलू डोके वर येई. गल्लीने त्यांचे नाव बोनेटकाका ठेवले होते. ते डोके आत्ता वर आले.

"काय मिस्त्री, आज गाडीचं बाळंतपण?"

"बाळंतपण कसलं? मेहुण्यानं मारलेली गाडी जिवंत करतोय."

"अजून मेहुणाच? अहो, नऊ वर्षं झाली."

"नव्वद झाली तरी मेहुणाच."

"सांध्याला साबण चोपडा की जरा. हवा बंद होते."

"साबण तुम्ही अंगाला लावा, काका. वास इथपर्यंत येतोय."

डोके हसत हसत खाली गेले. बाबाही हसले. त्यांचा हा हजरजबाबीपणा मुलाला एकेकाळी फार आवडत असे.

शेवटी मॅनिफोल्ड सुटला. जखमेवरची चिकटपट्टी ओढावी तसा ओला, चिरका आवाज झाला आणि इंजिनाच्या अंगावर ओळीने चार काळी भोके उघडी पडली. भोकांच्या कडेला जुन्या पट्टीचे तुकडे भाजून, करपून, खपलीसारखे धरले होते.

"थांब!" बाबा स्टुलावरून अर्धे उठले. "बोळे. आधी बोळे."

हा त्यांच्या आयुष्याचा मंत्र होता. कुठलेही यंत्र उघडले की त्याच्या उघड्या तोंडात कापडाचा बोळा घालायचा, म्हणजे खरवडताना कपची आत पडत नाही. आणि तो बोळा आत विसरायचा नाही. पंपावर हाताखालची माणसे त्यांना मागून बोळेमास्तर म्हणत. घरात तर हा मंत्र जेवणाच्या ताटावरही ऐकू येई.

"चार भोकं, चार बोळे. मोजून घालायचे..."

"मोजून काढायचे," मुलाने वाक्य पुरे केले. बाबांच्या जुन्या बनियनचे चार तुकडे त्याने चार भोकांत दाबून बसवले.

"किती?"

"चार."

"शाबास."

तासभर तो खपल्या खरवडत राहिला. प्रत्येक तुकडा नखाएवढा, काळा, कडेने ओलसर. मध्येच आईने बाबांना गोळ्या घेण्यासाठी आत हाक मारली आणि तो एकटाच राहिला. त्याने मॅनिफोल्ड रॉकेलच्या घमेल्यात ठेवला आणि बाटल्या धुण्याचा ब्रश त्याच्या एकेका फाट्यात घालून फिरवू लागला. पहिला फाटा साफ झाला. दुसरा झाला. तिसऱ्यात ब्रश अडला.

त्याने जोर लावला. आत काहीतरी मऊ होते. दबले, पण सरकले नाही. पहिला विचार उंदराचा आला. त्याने तारेचा आकडा करून आत घातला, तोंड फिरवले आणि ओढले. मोरीच्या जाळीतून केसांचा गुंता यावा तसे ते बाहेर आले: लांबोळके, बुळबुळीत, डांबरासारखे, टोकाला चिंध्या-चिंध्या झालेले, मध्ये गाठ बसल्यासारखे घट्ट. घमेल्यात पडताना त्याने 'थप्' असा आवाज केला. मुलगा भिंतीपाशी गेला, ओणवा झाला, पण काही पडले नाही. नुसते उमासे येत राहिले.

परत येऊन त्याने ते दोन बोटांनी रॉकेलमध्ये पिळले. पुन्हा पिळले. काळेपणा सुटत गेला आणि खालून कापडाचा पोत दिसू लागला. हिरव्या चौकड्या. मध्ये एक बारीक पिवळी रेघ.

या चौकड्या तो रोज सकाळी दात घासताना पाहत असे. स्वयंपाकघराचा जुना पडदा आईने काढला तेव्हा अर्धा न्हाणीघराच्या खिडकीला गेला होता आणि उरलेला अर्धा बाबांनी चिंध्यांसाठी मागून घेतला होता. त्याच वर्षी. त्याच उन्हाळ्यात.

तो उकिडवाच बसून राहिला. सगळे किती साधे होते! दारात नुसती उभी असताना गाडीला हवा कमी लागते. बोळा आत कुठेतरी सैल पडून राहिला असेल. मामाने रस्त्यावर वेग दिला, हवा जोराने ओढली गेली आणि बोळा तिसऱ्या फाट्याच्या तोंडात जाऊन बसला. चारांपैकी एका सिलिंडराचा श्वास कोंडला. नंतर बाबांनी प्लग बदलले, पेट्रोलची टाकी धुतली, तारा बदलल्या, मामाला शिव्या दिल्या. जिथे त्यांचा स्वतःचा हात फिरला होता ती एक जागा सोडून त्यांनी सगळीकडे शोधले. तिथे चूक असूच शकत नव्हती. कारण तिथे त्यांनी बोळे मोजले होते.

किळस आता घमेल्यातून वर चढून घरभर पसरली. बाबांच्या मंत्राची किळस, आईच्या सोडलेल्या नळाची किळस. आणि मग, सगळ्यात शेवटी, त्याला आठवले की त्या दिवशी फाटकात बाबांच्या मागे तोही उभा होता, सतरा वर्षांचा. आणि 'गाढव' या शब्दाला तो हसला होता. मामाने ते हसू पाहिले होते. त्या नजरेचा ठसा कुठल्याही फडक्याने पुसला गेला नव्हता.

बाबा परत आले तेव्हा बोळा वर्तमानपत्राच्या दुमडलेल्या कडेखाली होता.

"खरवडून झालं? बघू." बाबांनी वाकून इंजिनाची कड न्याहाळली. "आरशासारखी केलीस रे! चल, नवी पट्टी लावायच्या आधी बोळे काढ. आणि मोज."

त्याने एकेक बोळा काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडला. एक. दोन. तीन. चार.

"किती घातले होते?"

"चार."

"किती काढले?"

त्याने वर्तमानपत्राची कड उलटली आणि ती हिरवी-काळी चिंधी ओळीच्या शेवटी ठेवली.

"पाच," तो म्हणाला.

"काचा घासून डोळे गेले का, डॉक्टर? चार घातले तर पाच निघतील कसे?"

"मी चारच घातले, बाबा. पाचवा आधीपासून आत होता. तिसऱ्या फाट्यात."

बाबांचे हसू चेहऱ्यावर तसेच राहिले, फक्त त्यातला माणूस निघून गेला. त्यांनी हात गुडघ्यांमधून काढले आणि चिंधी उचलली. हातांबरोबर तीही थरथरू लागली. तिच्यातले रॉकेल त्यांच्या स्वच्छ पायजम्यावर ठिबकले.

"उंदरानं नेलं असेल."

मुलाने चिंधीवरच्या हिरव्या चौकड्यांकडे बोट केले.

"नाहीतर तुझ्या मामानंच..." बाबांनी सुरुवात केली, आणि वाक्य त्यांच्याच तोंडात मेले. त्यांनी अंगठ्याने चौकड्या चोळून पाहिल्या. मग मिस्त्री यंत्राविषयी बोलतो तशा, कुणाला उद्देशून नसलेल्या स्वरात म्हणाले, "मॅनिफोल्ड काढून ओट्यावर ठेवला होता. मुंग्या शिरतील म्हणून त्याच्या तोंडाला एक लावला. इंजिनातले चार मोजले. घालताना चार, काढताना चार. हा मोजण्यात नव्हताच."

त्यांनी भिंतीकडे पाहिले. बोनेटकाकांचे डोके नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला.

"टाकून दे."

"काय?"

"कचऱ्यात टाक. गाडी नीट होतेय ना? मग झालं तर. गॅस्केट गेलं होतं म्हणायचं. गेलंच होतं की. खोटं थोडंच आहे?"

आयुष्यभर ज्याच्या हातांकडे बघत आपण मोठे झालो, त्या माणसाच्या तोंडून इतका ओशट, इतका चिकट आवाज निघू शकतो, हे त्याला ठाऊक नव्हते. घमेल्यातल्या रॉकेलवर तेलाचा इंद्रधनुषी तवंग तरंगत होता. चिंधी घ्यायला त्याने हात पुढे केला नाही.

आई चहा घेऊन पायरीवर आली होती. तिची नजर दोघांवरून फिरून चिंधीवर थांबली.

"हा पडदा तर माझा."

बाबांनी चिंधी स्टुलाखाली सरकवली.

"कुठे सापडला?"

"आत," मुलगा म्हणाला. "बाबांनी पट्टी बदलली होती ना, तेव्हापासून आत आहे."

नऊ वर्षे त्या गाडीविषयी ऐकून ऐकून आई अर्धी मिस्त्री झाली होती. तिला आणखी सांगावे लागले नाही. तिने कप पायरीवर ठेवला, इतक्या हळू की आवाजही झाला नाही.

"मोजून घालायचं, मोजून काढायचं," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून ऐकतेय."

"अगं, एक राहिला चुकून. माणूस आहे, होतं कधी..."

"होतं की. माझ्या भावानं तेच तर सांगितलं असतं, तुम्ही बोलू दिलं असतंत तर. नऊ वर्षं त्याच्या तोंडात बोळा घालून ठेवलात. माझ्याही. तो मोजलात का?"

बाबांनी खाली पाहिले. "तुम्ही दोघं जा. मी येत नाही."

"वा! 'माझ्या गाडीतून' म्हणालात ना? मग चला की तुमच्या गाडीतून. ज्यानं घातला त्यानंच काढायचा असतो, अहो. हा पण तुमचाच नियम."

तिने आतून एक पारदर्शक पिशवी आणली, चिंधी चिमट्याने तिच्यात टाकली, वर गाठ मारली आणि पिशवी बाबांच्या मांडीवर ठेवली.

उरलेले काम कुणीही थट्टा न करता झाले. नवी पट्टी कोरडीच बसवायची, नट मधल्यापासून बाहेर आवळत न्यायचे, आधी हलक्या हाताने आणि मग पुरते; बाबा एवढेच सांगत होते, तेही हळू. किल्ली फिरवल्यावर इंजिनाने एकदा ठसका दिला, मग लांब श्वास घेतला आणि एका संथ, अखंड सुरात चालू लागले. इतका निर्मळ आवाज त्याने त्या गाडीचा कधी ऐकला नव्हता. आनंद मात्र झाला नाही. आजाऱ्याचा ताप उतरावा आणि तो कुणामुळे चढला होता हे त्याच वेळी कळावे, तसे झाले.

"मोत्यासारखी चाललीय हो मिस्त्री!" बोनेटकाका भिंतीवर हजर झाले होते. "काय निघालं शेवटी?"

बाबांनी तोंड उघडले. आई फाटकापाशी थांबली.

"गॅस्केट," बाबा म्हणाले.

आई गाडीत जाऊन बसली आणि तिने काच वर केली.

त्याने न्हाणीघरात जाऊन तीनदा हात धुतले. साबणाचा फेस राखाडी झाला, मग काळपट, मग पुन्हा राखाडी. नखांच्या मुळाशी आणि सोललेल्या सालटीत काळे ते काळेच राहिले. खिडकीत अर्धा पडदा वाऱ्याने हलत होता. त्याने त्याच्याकडे पाहण्याचे टाळले.

चारच्या सुमाराला ते निघाले. गाडी तो चालवत होता, आई शेजारी, बाबा मागे, पिशवी मांडीवर. गाठ मारूनही तिचा वास गाडीभर पसरला होता. पण काच खाली करायला कुणी सांगेना. मामाच्या घराआधीचा चढ आला. नऊ वर्षे जिथे जायचेच बंद झाले होते, तो चढ गाडीने गुणगुणत पार केला. मागून बाबांचा एक लांब निःश्वास ऐकू आला. तो समाधानाचा की भीतीचा, हे ठरवायला त्याने आरशात पाहिले नाही.

मामीने दार उघडले. ती हसली नाही, पण बाजूला झाली. मामा खिडकीपाशी खाटेवर होता, पाय उशांवर चढवलेला, पूर्वीपेक्षा निम्म्याने बारीक.

"ताई!" तो म्हणाला, आणि आईने त्याच्या कपाळावर तळवा ठेवला. नळ नव्हता, पाणी नव्हते. तरी तिला काही बोलता येईना. मग मामाची नजर दाराकडे गेली. "या, भाऊजी. बसा. चढावर गाडी ऐकली मी. ओळखूच आली नाही. काय झालं होतं तिला?"

बाबा दारातच उभे होते. मुलाने आपले काळे हात पाठीमागे लपवले. त्याला वाटले, आता पुन्हा तोच शब्द येणार, तोच ओशट, बोनेटकाकांना दिलेला. आणि आला तर आपण या माणसाचे तोंड पुन्हा पाहू शकणार नाही.

बाबांनी हात पुढे केला. पिशवी त्यांच्या बोटांत वाळक्या पानासारखी सळसळत होती. या वेळी त्यांनी हात लपवले नाहीत.

मामाने ती घेतली. गाठ सोडली. आत डोकावून वास घेतला आणि नाक मुरडून तोंड फिरवले.

"शी! कसली ही घाण, भाऊजी?"

"माझी," बाबा म्हणाले. "मोजायची राहून गेली होती."